दहा नंबरच्या सुया

रत्नागिरीत माणसाच्या अंगावर लोकर दोनदाच चढते. एकदा बारशाला, आणि एकदा शाळेची सहल महाबळेश्वरला गेली तर. एरवी आम्ही बाराही महिने घाम पुसत असतो; पावसात तो पुसूनही वाळत नाही, एवढाच फरक. अशा गावात एका माणसानं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य विणकामाच्या सुया कशाच्या असाव्यात या एका प्रश्नाला वाहावं, आणि त्यानं नेमकं माझ्याच अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे राहावं, याला मी अठरा वर्षं माझं नशीब म्हणत असे. म्हणताना कपाळाला हात लावत असे.

गजानन नागवेकर हे त्यांचं नाव फक्त लाइट बिलावर होतं. आमच्या वाडीत, मुरुगवाड्यात, सगळे त्यांना सारंगमामा म्हणत. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. मामांनी उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर काढली होती. सहा फूट उंची, झुपकेदार मिशी, उजव्या दंडावर गोंदवलेला नांगर. असा माणूस व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसून गुलाबी टोपडं विणताना दिसला की नवा कुरिअरवाला हातातला पत्ता पुन्हा एकदा वाचून बघायचा.

विणायला ते जहाजावरच शिकले. उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात समुद्र गोठला आणि जहाज दीड महिना जागचं हललं नाही. हाताला काम नाही, बाहेर पडायची सोय नाही. तेव्हा जहाजावरच्या पोलंडच्या आचाऱ्यानं त्यांच्या हातात सुया दिल्या. मामांच्या सांगण्याप्रमाणे बाकीचे खलाशी त्या दीड महिन्यात दारू प्यायला शिकले, हे मोजे विणायला शिकले, आणि गावी आल्यावर लोक हसले ते मात्र यांनाच. मामांचं उत्तर तयार असे. "जाळं विणलं तर पुरुषाचं काम, नि टोपडं विणलं तर बायकांचं? भोकं तेवढी बारीक, बाकी काय फरक हाय?" हसणाऱ्यांपैकी निम्मे त्या वेळी ओट्यावर बसून जाळंच विणत असत.

वाडीत मूल जन्मलं की बाराव्या दिवशी मामांचं टोपडं हजर. जात, धर्म, महिना, तापमान यांपैकी कशाचाही भेदभाव नाही. माझ्या मुलाचं बारसं मे महिन्यात होतं. पंखा पाचवर, खिडक्या उघड्या, बायका पदरानं वारा घेताहेत आणि पाळण्यातल्या जिवाच्या डोक्यावर निळ्या लोकरीचं, हनुवटीखाली गोंडे बांधलेलं टोपडं. संध्याकाळपर्यंत कपाळभर घामोळं उठलं. मी ते दाखवायला मुद्दाम त्याला उचलून मामांकडे गेले. त्यांनी घामोळ्याकडे पाहिलं, मग गोंड्यांकडे पाहिलं आणि गोंडे नीट बांधले. समुद्राचा खारा वारा तान्ह्याच्या कानात शिरला की तो जन्मात निघत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. घामोळं काय, येतं नि जातं. गंमत अशी की वाडीतल्या एकाही बाईनं ते टोपडं कधी नाकारलं नाही. मीही नाही. आमच्याकडे बाळाला उकडतं हे सगळ्यांना दिसत असतं, पण टोपडं काढायची हिंमत आईची होत नाही आणि काढू देण्याची आजीची होत नाही.

आता सुयांकडे वळू. मामा वळल्याशिवाय राहत नसत, तर मी कोण?

बाजारात विलासचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, केसांच्या पिना, आणि एका फळीवर लोकर नि सुया. मामा तिथे सुया घ्यायला जात ते मुलगी बघायला निघालेल्या सासऱ्याच्या थाटात. आधी सुई काउंटरच्या काचेवर ठेवून हातानं घरंगळत न्यायची. जरा जरी डगमगली तरी बाजूला. मग खिशातून मामींच्या लग्नातल्या शालूचा तुकडा काढून टोक त्याच्यावरून ओढायचं. एक धागा जरी ओढला गेला तरी बाजूला. मग तेच टोक खालच्या ओठाच्या आतून फिरवायचं, कारण बोटं खोटं बोलतात, ओठ बोलत नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण एकदा त्यांनी घरून बाटलीत समुद्राचं पाणी आणलं आणि विलासला सांगितलं, ही जोडी यात आठ दिवस ठेव, गंज धरला नाही तर मी घेईन. त्यानंतर मामा कोपऱ्यावर दिसले की विलास आतूनच ओरडून सांगायचा की सुया संपल्या.

मामांच्या मते जगात चार प्रकारच्या सुया होत्या आणि त्यांतले तीन प्रकार माणसाच्या आळशीपणामुळे निघाले होते. अॅल्युमिनियमच्या सुया हलक्या, स्वस्त, पण आमच्या घामानं त्यांचा करडा रंग सुटतो. बोटंही काळी आणि पांढरी लोकरही काळी. प्लास्टिकच्या सुया एप्रिलच्या उन्हात खिडकीत विसरल्या की संध्याकाळी त्यांचे गळ झालेले असतात. बांबूच्या सुया शिकाऊंसाठी. हा शेवटचा शब्द ते शिवी दिल्यासारखा उच्चारत. "बांबूला टाका चिकटून बसतो गो. स्टीलवर तो पळतो. ज्याचा हात थिर, त्यानंच स्टील धरावं," असं ते मला दर महिन्याला एकदा तरी ऐकवत.

म्हणजे उरलं स्टील. तेही हल्लीचं नव्हे. त्यांच्याकडे दहा नंबरच्या पोलादी सुयांची एकच जोडी होती, त्या आचाऱ्यानं निरोप देताना दिलेली. आमच्याकडे समुद्रावरून येणारी हवा अशी आहे की नवीन गेटला दोन वर्षांत भोकं पडतात. त्या हवेत मामांनी ती जोडी इतकी वर्षं आरशासारखी ठेवली होती. रोज संध्याकाळी विणून झालं की खोबरेल तेलाचं बोट, मग जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसणं, मग तांदूळ भरलेल्या डब्यात उभ्या करून ठेवणं. मामींच्या गुडघ्यांना तेल लावायची त्यांना कधी आठवण झाल्याचं मामींना आठवत नव्हतं.

त्या सुयांची टिकटिक हे आमच्या संध्याकाळचं घड्याळ होतं. मी शाळेतून येऊन उत्तरपत्रिका तपासायला बसले की गडग्यापलीकडून सुरू. बंद पडली की समजायचं, साडेसात वाजले. मी कितीदा तरी खिडकी आपटून लावली असेल. मामांना वाटायचं वारा आहे.

त्यांच्याकडून विणकाम शिकायचा मूर्खपणाही मी केला. जहाजावर दोर सोडायचा हुकूम द्यायचा असला की 'आरिया' म्हणतात. मामा चुकलेलं विणकाम उसवताना तोच हुकूम सोडत, आणि दुसऱ्याचं उसवताना जरा जास्तच मोठ्यानं. मी वीतभर मफलर घेऊन गेले की ते चष्म्यावरून बघायचे, लोकरीचं टोक पकडायचे आणि "आरिया" म्हणून माझा सबंध आठवडा सर्रकन ओढून काढायचे. तो मफलर सासऱ्यांच्या बद्रीनाथच्या यात्रेसाठी होता. सासरे जाऊन आले, मफलर वीतभरच राहिला.

म्हणून पुण्याच्या एक बाई महिला मंडळात विणकामाची कार्यशाळा घ्यायला आल्या तेव्हा मी सूड म्हणून नाव घातलं. बाईंनी बांबूच्या सुयांचं गुणगान केलं. निसर्गाला धक्का नाही, बोटांना उबदार. मागच्या रांगेत न बोलावता येऊन बसलेल्या मामांनी हात वर केला आणि विचारलं की बाहेर अंगाची लाही होतेय, तर ही ऊब कशासाठी लागते. बाई गोड हसल्या. मी तिथल्या तिथे दहा नंबरची बांबूची जोडी विकत घेतली, मामांना दिसेल अशी हातात धरून घरी आले. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर दोन्ही सुयांवर बुरशीची पांढरी लव. मामांनी ती जोडी माझ्याकडून मागून घेतली आणि दोन दिवस आल्यागेल्याला दाखवली. मी ती धुऊन, उन्हात वाळवून खणात टाकली, आणि मग कधी बाहेर काढली नाही.

एवढं सगळं असूनही, या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी एक गोष्ट होती आणि ती वाडीत प्रत्येकाला माहीत होती. मामांना एकुलती एक मुलगी, जयू. पुण्याला दिलेली. तिच्या लग्नाच्या वर्षी मामांनी शेवटच्या सफरीवरून पिवळ्या मऊ लोकरीचा एक गुंडा आणला होता, जयूच्या बाळासाठी. त्या बंदराचं नावही त्यांना नीट सांगता यायचं नाही, आणि तसली लोकर पुन्हा कधी मिळाली नाही. गुंडा डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला आणि बाळ काही होईना. वर्षांमागून वर्षं गेली. मामा दुसऱ्यांच्या नातवंडांची टोपडी विणत राहिले. एका बारशाला एक बाई टोपडं हातात घेऊन हळूच म्हणाल्या, याच्या घरी पाळणा हलत नाही, याच्या हातचं बाळाला घालावं का? आम्ही चारपाच जणी तिथे होतो. कुणी काही बोललं नाही. दिवसभर वर्गात तोंड चालवणारी मीही गप्प बसले, त्याची मला अजून लाज वाटते.

मग लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर, डॉक्टरांनी हात टेकले आणि सासूनं विषय सोडून दिला तेव्हा, जयूला दिवस गेले. फेब्रुवारीत ती बाळंतपणासाठी माहेरी आली. त्याच दिवशी मामांनी ट्रंक उघडली. गडग्यावरून मला पिवळा गुंडा दाखवला. एवढ्या वर्षांत विणायला घेण्याआधी त्यांनी मला मुद्दाम दाखवलेली ती पहिलीच लोकर. मी म्हटलं, एप्रिलमध्ये बारसं आहे मामा, पंख्याचं कव्हर विणलंत तर जास्त उपयोग होईल. ते हसले आणि आत गेले.

त्या संध्याकाळी टिकटिक सुरू झाली आणि थोड्या वेळानं फरशीवर खण्ण आवाज झाला. सुई पडली होती. पुन्हा टिकटिक, पुन्हा खण्ण. मग हळू आवाजात, स्वतःशीच म्हटल्यासारखं, "आरिया."

पहिल्या दिवशी मला गंमत वाटली. अठरा वर्षांनी एकदाचा या माणसाचा टाका चुकला. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी खिडकी लावली नाही, कान देऊन ऐकत बसले. मामांचा हात कापायला लागला होता. बशीत कप वाजायचा तेव्हा ते कपाला दोष द्यायचे, म्हणून आम्ही कुणी लक्ष दिलं नव्हतं. स्टीलवर टाका पळतो, आणि हात थिर राहिला नव्हता. मामींनी गडग्याशी येऊन सांगितलं की टोपडं चारदा विणून चारदा उसवलं. "लोकर बघ कशी झालीय, नुसती पिंजून गेलीय. आणखी दोनदा उसवली तर हातात कापूस राहील. आणि दुसऱ्या लोकरीचं नाव काढलं की अंगावर येतात." मी विणून देऊ का, असं मी विचारलं. मामी लोकर घेऊन परत फिरल्या. माझा मफलर त्यांनी पाहिला होता.

दोन दिवसांनी मामा स्वतः आले. आमच्या दारात ते सहसा येत नसत, जे काय ते गडग्यावरून. आत बसले नाहीत. खिशात हात घालून उभे राहिले आणि अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाले, "तुझ्या त्या बांबूच्या सुया पडल्या असतील ना कुठं? दे. मिरचीच्या रोपांना आधार पायजे."

मला राग आला. माझ्या सुयांची पायरी यांनी शेवटी मिरचीच्या कुंडीपर्यंत खाली आणली. खणातून जोडी काढून देताना मी म्हटलं, "मिरचीला चालतील ना मामा? की तिलाही स्टीलच लागतं?"

मामांनी सुया घेतल्या. ओठाला लावून पाहिल्या नाहीत की काही नाही. "मिरची शिकाऊ हाय," म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून टिकटिक बंद झाली. खण्ण नाही, आरिया नाही. साडेसात वाजलेले मला कळेनासे झाले. मामींना विचारायचा धीर होईना. मी समजले की म्हाताऱ्यानं हाय खाल्ली, सोडून दिलं. सगळ्या वाडीच्या डोक्यावर लोकर चढवणाऱ्या माणसाचं स्वतःचं नातवंड उघड्या डोक्यानं पाळण्यात जाणार होतं, आणि एप्रिलच्या उकाड्यात मला, म्हणजे ज्या बाईनं त्या टोपड्यांची आयुष्यभर चेष्टा केली तिला, त्याचं वाईट वाटत होतं. पोरीचा जन्म झाला तशी मी विलासकडे जाऊन एक तयार पिवळं टोपडं आणलं. मशीनचं होतं, पिवळाही लिंबासारखा भडक. बारशाला जाताना ते पर्समध्ये तळाशी ठेवलं. देणार कसं आणि काय म्हणून, याचा काही विचार केला नव्हता.

पर्स उघडावी लागली नाही. पाळण्यात जयूची लेक होती आणि तिच्या डोक्यावर फिकट पिवळं टोपडं होतं. पूर्वीच्या टोपड्यांसारखं ते नव्हतं. कडेला टाके जरा घट्ट, मध्ये जरा सैल, एका गोंड्यापेक्षा दुसरा लठ्ठ. पण एकही टाका सुटलेला नव्हता. मी वाकून नीट बघितलं. पोरीच्या डॉक्टरीणबाईंनी लोकर घालू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून नाव ठेवून झालं की काढायचं असं ठरलं होतं. पण नाव ठेवून झालं, कानात कुर्र झालं, पेढे वाटून झाले, पोरगी घामानं लाल झाली, तरी जयूनं ते काढलं नाही. मामा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हे जमलं कसं, असं मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी लोकरीला श्रेय दिलं असतं.

मेच्या अखेरीला जयू पुण्याला परत जायला निघाली. मामांच्या हातासाठी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून आईवडिलांनाही बरोबर घेऊन निघाली. महिन्याभरात येतो, असं मामा सगळ्यांना सांगत होते. ते परत आले नाहीत. पुढच्या थंडीत पुण्यातच गेले. तिथे निदान लोकर घालण्यासारखी थंडी होती. पण ते नंतरचं. त्या सकाळी गाडी दारात उभी होती, सामान भरत होते, आणि मामांनी मला हाक मारली. मिरच्यांना पाणी घालायचं काम मला द्यायचं होतं.

मी मागच्या पडवीत गेले. ओळीनं चार कुंड्या होत्या. दोन रोपं स्वतःच्या बळावर उभी होती. उरलेली दोन सुतळीनं सुईला बांधली होती, प्रत्येकीला एकेक. पोलादी. दहा नंबरच्या. तेल नाही, फडकं नाही, तांदळाचा डबा नाही. मातीपाशी दोन्हींवर तांबूस गंज चढला होता.

मी कुंड्यांकडे बघत होते आणि मामा माझ्याकडे बघत होते. त्यांना ती जोडी लपवायची असती तर कुठेही लपवता आली असती. मुद्दाम हाक मारून त्यांनी मला तिथे आणलं होतं. मला तेव्हा आतून भरून आलं, हे मी इथे सरळ सांगून टाकते, कारण त्यांना सांगितलं नाही.

"मिरची शिकली गो बाय," मामा म्हणाले. "आता स्टील चालतं तिला."

अठरा वर्षांत मी त्यांचं एकही वाक्य तसंच सोडलं नव्हतं. त्या दिवशी मी म्हटलं, "बरोबर आहे मामा." मग एका दिवसाआड पाणी घालायचं, भर उन्हात घालायचं नाही, पहिली मिरची मोडून खायची नाही, असं सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

गाडी निघाली तेव्हा मी गडग्याशी उभी होते. पुढे जावई, त्याच्या शेजारी मामी, मागे जयू नि बाळ, आणि खिडकीशी मामा. हात हलवायला सगळ्यांचे हात बाहेर आले, मामांचे आले नाहीत. ते मान खाली घालून बसले होते. खिडकीतून मला पिवळी लोकर दिसली, उरलेल्या गुंड्यातला मोजा असावा, आणि त्याच्यात खुपसलेल्या माझ्या बांबूच्या सुया. दोन्ही हात कापत होते आणि दोन्ही हात विणत होते. काच खाली होती तरी गाडी वळेपर्यंत आतून काहीच आवाज आला नाही.